मूल कोणाचे?

मार्च १८८७. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फॅरन यांनी बावीस वर्षांच्या एका तरुणीला हुकूम सोडला: महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने कळवले, तुरुंग पत्करला.

ही तरुणी म्हणजे रखमाबाई. मुंबईतल्या डॉ. सखाराम अर्जुन यांची सावत्र मुलगी. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी तिचे लग्न लावून देण्यात आले. पण ती सासरी गेली नाही, माहेरीच राहिली आणि वाचत राहिली. १८८४ मध्ये दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. पहिल्या फेरीत न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच, तो विलायतेच्या कायद्यातून इथे आला आहे, असे त्यांचे मत पडले. अपिलात प्रकरण फिरले आणि फॅरन यांच्यापुढे रखमाबाई हरल्या. १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले, रखमाबाई लंडनला वैद्यक शिकायला गेल्या आणि परत येऊन सुरतेत डॉक्टर म्हणून उभ्या राहिल्या.

त्यांची बाजू मुळात एवढीच होती: अकराव्या वर्षी मोठ्यांनी ठरवलेल्या लग्नाला माझी संमती कधी नव्हतीच, मग ते माझ्यावर बंधनकारक कसे? आज हा युक्तिवाद कुणालाही सरळ वाटेल. तेव्हा त्यावरून पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे पेटली होती.

बालहक्कांच्या कायद्याचा पाया या युक्तिवादात सापडतो. व्यवहारावर जो सही करतो तोच त्याचे बरेवाईट भोगतो, हे बाकीच्या कायद्यांनी धरून चाललेले असते. मुलांना ते लागू पडत नाही. शाळेत घालायचे की कामाला लावायचे, लग्न कधी उरकायचे, आईबाप वेगळे झाले तर कुणाकडे ठेवायचे, हे ठरवतात दुसरे आणि भोगते मूल. मुलाला मत नाही. नावावर मिळकत असली तरी ती हातात नाही. कोर्टात जायचे तरी कुणा मोठ्या माणसाचे बोट धरून. म्हणून मुलांवर ज्यांची सत्ता चालते त्या सत्तेला वेसण घालणे हे या कायद्याचे पहिले काम ठरले. ही सत्ता कधी बापाची, कधी नवऱ्याची, कधी मालकाची. आणि बऱ्याच उशिरा लक्षात आले की खुद्द सरकारचीही.

मालकाची पाळी आधी आली. मुंबईत कापडगिरण्यांची धुरांडी १८५० च्या दशकात उठू लागली आणि सूतखात्यात लहान मुलेही राबू लागली. भरलेली बॉबिने काढायची, रिकामी चढवायची, तुटला धागा जोडायचा. बारीक बोटांना हे काम बरे जमते, असा सगळ्यांचा समज. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून खटपट केली. तिकडे लँकेशायरचे गिरणीवालेही त्याच मागणीसाठी ओरडत होते. त्यांच्या ओरड्यात कळवळा किती आणि मुंबईच्या स्वस्त कापडाची धास्ती किती, हे वेगळे सांगायला नको. मुलांचे भले करणारे कायदे पुष्कळदा अशा मिश्र हेतूंनीच पुढे सरकले आहेत.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात ठेवायला बंदी केली. सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांवर काम घ्यायचे नाही, मधे एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या. नऊ तास! सात वर्षांच्या मुलासाठी ही सवलत होती, यावरून आधी काय चालत असेल याचा अंदाज करावा. गंमत अशी, की मोठ्या कामगाराच्या तासांबद्दल या कायद्यात अवाक्षर नव्हते. मोठा माणूस आपल्या मर्जीने कामावर येतो, त्याच्या आणि मालकाच्या मधे सरकारने पडू नये, असे तेव्हाचे अर्थशास्त्र सांगत होते. मुलाला मर्जी नसते, एवढ्याच फटीतून कायदा कारखान्यात शिरला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवून सर्वांसाठी आठवड्याची सुट्टी लावून धरली. १८९१ च्या कायद्याने मुलांचे किमान वय नऊवर आणि कामाचे तास सातवर आणले, बायकांच्या तासांना मर्यादा घातली. गिरणीतल्या पुरुषांचे तास बारावर बांधायला १९११ उजाडले.

वयाची अट घातली, की पुढचा प्रश्न हजर: वय ठरवायचे कशावरून? बहुतेकांच्या जन्माची नोंदच नसे. डॉक्टर पोराकडे बघून दाखला देणार. ही अडचण अजून पुरती मिटलेली नाही. महाराष्ट्रात मागच्या पिढ्यांतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही, तर गुरुजी हिशेबाला सोयीची म्हणून १ जून टाकून मोकळे होत. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. पण पुढे हाच कागद कोर्टात जातो. बाल न्याय कायद्यानुसार वय ठरवताना आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहायचे, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. हाडे वय सांगतात ते अदमासे, दोनेक वर्षे इकडेतिकडे. आरोपी सतराचा की एकोणीसचा यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरत असताना दोन वर्षे म्हणजे फारच झाली. जन्मताच नोंद होणे हा मुलाचा हक्क आहे असे आंतरराष्ट्रीय करारात मुद्दाम लिहावे लागले ते यासाठी.

रखमाबाईंच्या खटल्याची धग विझायच्या आत कलकत्त्याहून फुलमणी दासीची बातमी आली. दहा-अकरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. मुलीचे वय दहाच्या वर असल्यामुळे तेव्हाच्या कायद्याने तो बलात्कार ठरला नाही. नवऱ्याला किरकोळ गुन्ह्याखाली वर्षभराची सक्तमजुरी झाली. बेहरामजी मलबारी आधीपासून या विषयावर लिहीत होतेच. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि मर्यादा दहावरून बारावर गेली. दोन वर्षांच्या या फरकाने महाराष्ट्र दुभंगला. आगरकर आणि भांडारकर एकीकडे, टिळक दुसरीकडे. लहान मुलींची लग्ने व्हावीत असे टिळकांचे म्हणणे नव्हते. आपल्या घरच्या सुधारणा परक्या सरकारच्या कायद्याने होऊ नयेत, हा त्यांचा मुद्दा. घराच्या उंबऱ्याआत कायद्याने यावे की नाही, हा वाद त्यानंतर मुलांच्या प्रत्येक कायद्याच्या वेळी नव्याने झाला.

त्याच सुमारास, १८९० मध्ये, पालक आणि पाल्य कायदा झाला. त्यावर सभा झाल्या नाहीत की अग्रलेखांचा धुरळा उडाला नाही. पालक नेमताना मुलाचे कल्याण पाहावे असे त्याचे सतरावे कलम सांगते. आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही कोर्टाने विचारात घ्यावी, असेही त्यातच आहे. मूल ही बापाची मिळकत, या जुन्या समजुतीला यातून पहिली चीर गेली. चीर रुंदावायला वेळ लागला. बाप हयात असतानाही आई मुलाची नैसर्गिक पालक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात स्पष्ट केले ते १९९९ मध्ये. आज घटस्फोटाच्या प्रकरणात न्यायाधीश मुलाला आपल्या चेंबरमध्ये बोलावून घेतात आणि वकील व आईबाप बाहेर थांबवून शाळा, मित्र, आजी यांच्या गप्पा काढत त्याचा कल जोखतात. याचे मूळ १३० वर्षांहून जुन्या त्या कलमात आहे.

मूल गुन्हेगार म्हणून उभे राहते तेव्हा मात्र समाजाचा कळवळा आटतो.

मुंबईच्या उमरखाडीत डोंगरीचा जुना तुरुंग आहे. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस इथेच होते. पुढे या जागेत मुलांचे निरीक्षणगृह आले. नाव बदलले तरी भिंती तुरुंगाच्याच. १९२४ च्या मुंबई बालक कायद्याने मुलांसाठी वेगळे कोर्ट आणि वेगळ्या संस्था असाव्यात असे ठरवले. १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. मद्रासने १९२० मध्ये आणि बंगालने १९२२ मध्ये असेच कायदे केले होते. पण प्रत्येक प्रांताचा कायदा निराळा, आणि कितीतरी ठिकाणी मुले मोठ्या कैद्यांबरोबर साध्या तुरुंगात पडून असत. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. देशभरातल्या तुरुंगांत अशी मुले किती, याची माहिती न्यायालयाने मागवली, मुलांना तुरुंगात ठेवायचे नाही असे बजावले आणि सबंध देशासाठी एक कायदा करावा असे १९८६ मध्ये सुचवले. त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला.

या कायद्याची आतली कल्पना अशी, की मुलाच्या हातून घडलेल्या कृत्याकडे पाहताना मूल अजून घडते आहे हे विसरायचे नाही. सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हाच नाही, आणि सात ते बाराच्या मुलाला परिणामांची समज होती का ते पाहायचे, हे तर १८६० पासून दंडविधानात होते. आता ते भारतीय न्याय संहितेत आले आहे. बाल न्याय कायदा त्याच्या पुढे गेला. मुलाचे नाव छापायचे नाही, त्याला फाशी द्यायची नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही द्यायची नाही, आणि एरवी त्या दोषाचा डाग पुढच्या नोकरी-धंद्यावर राहू द्यायचा नाही.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्याला मिळालेल्या तीन वर्षांवरून देशभर संताप उसळला आणि २०१५ च्या नव्या कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यांत मोठ्यांसारखा खटला चालवायचा दरवाजा उघडला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ती चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला, आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. त्या निबंधाने महाराष्ट्राचे डोके फिरले, ते समजण्यासारखे आहे. पुढच्या महिन्यात उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहात ठेवण्याचे नंतरचे आदेश बेकायदा ठरवले. जनक्षोभ कितीही असो, कायद्याशी संघर्ष झालेल्या इतर कोणत्याही मुलासारखेच त्याच्याशी वागावे लागेल, असा निकालाचा आशय. हा निकाल कुणालाच आवडला नाही. तो बरोबर मात्र होता. नियम पैसेवाल्याच्या मुलासाठी वाकवायचा नाही, तसाच त्याच्याविरुद्धही वाकवायचा नाही, नाहीतर उद्या त्याचा चटका बसेल तो झोपडपट्टीतल्या पोराला.

सरकारच्या मायेलाही वेसण लागते, हे अमेरिकेतल्या एका खटल्याने जगाला दाखवले. १९६४ मध्ये ॲरिझोनातल्या जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलावर शेजारणीला फोनवर अचकटविचकट बोलल्याचा आरोप आला. घरी कुणाला न कळवता त्याला उचलले. आरोपाची लेखी प्रत नाही, वकील नाही, तक्रार करणारी बाई कोर्टात एकदाही आली नाही. न्यायाधीशांनी त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत, सुधारशाळेत धाडले. याच गुन्ह्याला मोठ्या माणसासाठी शिक्षा होती पाच ते पन्नास डॉलर दंड, किंवा फार तर दोन महिने कैद. मुलांचे कोर्ट आईबापाच्या मायेने वागते, म्हणून तिथे वकील आणि साक्षी-पुराव्याची कटकट नको, असे तोवर मानले जाई. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही समजूत मोडली. मूल झाले म्हणून त्याचे बचावाचे हक्क जात नाहीत. बालहक्कांचा विचार इथे एक मोठे वळण घेतो. त्याआधीचा कायदा मुलाला काय द्यायचे ते ठरवत होता. मुलाने काय मागायचे, याला त्यात जागा नव्हती.

ही जागा कशी तयार झाली, ते पाहायला युरोपात जावे लागते.

पहिले महायुद्ध संपल्यावरही दोस्त राष्ट्रांनी नाकेबंदी उठवली नव्हती आणि ऑस्ट्रियातली मुले भुकेने मरत होती. शत्रूची मुले. १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब या बाईंनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्या मुलांच्या फोटोंची पत्रके वाटली, तीही सेन्सॉरची परवानगी न घेता. त्यांना पाच पौंड दंड झाला. सरकारी वकील बॉडकिन यांनी ती रक्कम आपल्या खिशातून देऊ केली. त्या वर्षी मे महिन्यात ‘सेव्ह द चिल्ड्रन’ निघाली. पाच कलमांचा जाहीरनामा जेबबाईंनी लिहून काढला आणि १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने तो जिनिव्हात स्वीकारला. भुकेल्या मुलाला अन्न, आजाऱ्याला उपचार, अनाथाला आसरा, संकटात पहिली मदत मुलाला. वंश, देश, धर्म काहीही असो. मात्र यात मुलाला द्यायचे होते. मुलाला विचारायचे नव्हते.

विचारणारा माणूस वॉर्साला होता. यानुश कोर्चाक, मुलांचा डॉक्टर आणि लेखक. १९१२ पासून तो ज्यू मुलांचे अनाथाश्रम चालवत होता. तिथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. न्यायाधीशही मुलेच. त्यांच्या संहितेची पहिली नव्याण्णव कलमे आरोपीला सोडून देण्याची होती, आणि शिक्षकांवरही खटला भरता येई. खुद्द कोर्चाकवरही खटले झाले. १९२६ मध्ये त्याने मुलांनीच लिहिलेले वर्तमानपत्र सुरू केले. नाझींनी आश्रम घेटोत ढकलला. जुलै १९४२ मध्ये तिथल्या उपाशी मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले, ज्यात खिडकीशी बसलेला आजारी अमल राजाच्या पत्राची वाट पाहतो. हेच नाटक का, असे विचारल्यावर मुलांना मरणाला शांतपणे सामोरे जाता यावे म्हणून, अशा आशयाचे उत्तर कोर्चाकने दिल्याचे सांगतात. ऑगस्टच्या सुरुवातीला सुमारे दोनशे मुलांबरोबर त्याला ट्रेब्लिंकाला नेले गेले. स्वतःची सुटका करून घेण्याची संधी त्याने नाकारली होती.

१९७८ मध्ये बालहक्कांचा बंधनकारक करार करावा असा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांत मांडला तो पोलंडने, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. १९५९ चा दहा तत्त्वांचा जाहीरनामा होता. पण तो पाळला नाही तर विचारणारे कुणी नव्हते. मसुद्यावर दहा वर्षे घासाघीस झाली आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी ५४ कलमांचा करार मंजूर झाला. आज १९६ पक्षांनी तो स्वीकारला आहे. अमेरिकेने सही केली, पण मान्यता दिलेली नाही. गॉल्टचा निकाल देणारा देश बाहेर राहावा, ही एक अजब गोष्ट. करारातले तिसरे कलम मुलाच्या सर्वोत्तम हिताचे. बारावे कलम नवे होते: मुलासंबंधी काही ठरवताना त्याचे मत ऐकायचे आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यायचे. ही दोन कलमे एकमेकांशी नेहमी गोडीने नांदतात असे नाही. मुलाचे हित कशात आहे हे मोठ्यांना एक दिसते आणि मूल दुसरेच सांगते, तेव्हा कायद्याची खरी कसोटी लागते.

भारत डिसेंबर १९९२ मध्ये करारात आला. बालमजुरीचे कलम एकदम अमलात आणणे शक्य नाही, टप्प्याटप्प्याने आणू, अशी पुरवणी त्याने जोडली. करारातले ‘ऐकणे’ हिंदुस्थानी रस्त्यावर कसे दिसते, याचा एक नमुना मुंबईनेच दिला. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी २४ तासांची फोनसेवा सुरू केली. नंबर १०९८. अक्षरओळख नसलेल्या पोरांनाही लक्षात राहावा म्हणून म्हणायचा तो ‘दस-नौ-आठ’. फोन करणारे मूल स्वतःच तक्रारदार. मधे आईबाप, मास्तर किंवा हवालदार कुणी नाही. ही सेवा पुढे देशभर पसरली आणि २०२३ पासून सरकारने ती आपल्या हाती घेतली.

शिक्षणाच्या हक्काची वाट सर्वांत लांब. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे सांगितले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्ती सुरू केली आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात आणली. गोखल्यांचे १९११ चे विधेयक कायदेमंडळात पडले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये सक्तीचे पाऊल उचलले. या जुन्या कायद्यांत मूल शाळेत आले नाही तर दंड बापाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बाजू उलटवली: सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा मिळाली नाही तर जबाब सरकारने द्यायचा, पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, दंड नाही. म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असल्यास खासगी शाळांना गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली, तेव्हा पालक कोर्टात जाऊ शकले आणि जुलैत उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. हक्क आणि योजना यांतला फरक या एका प्रकरणात दिसतो. योजना सरकार बंद करू शकते.

तरीही दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि वर्गातले बाक रिकामे होतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’वर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर. पोरगा एकटा असेल तर अर्धा कोयता. मग लग्न लवकर उरकलेले सगळ्यांच्या हिशेबात बसते. आईबाप फडावर सहा महिने, वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही दुसरी काळजी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. देशाचा आकडा २३.३. गावात बालविवाह रोखायचा अधिकार ग्रामसेवकाकडे. त्याने लग्नाचा मांडव अडवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात घरपट्टी मागायला जायचे.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात एक कलम रखमाबाईंसाठीच लिहिल्यासारखे आहे. लहानपणी ज्यांचे लग्न लावले गेले, त्यांना सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते रद्द करून घेता येते. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला तेव्हा रखमाबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. आजच्या कायद्याने त्या मुदतीत बसल्या असत्या. पण फडावरच्या विशीतल्या मुलीला, तेही बहुधा कडेवर पोर असताना, तालुक्याच्या कोर्टाची पायरी कोण चढवणार?

लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचा हेतू संकुचित करणारा एक निकाल नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. कपड्यांवरून केलेला स्पर्श त्यातल्या लैंगिक हल्ल्याच्या कलमात बसत नाही, अंगाला अंग लागायला हवे, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पाहायचा तो स्पर्शामागचा हेतू. त्या मुद्द्यावर फारसा मतभेद राहिला नाही. खरी गाठ दुसरीकडे आहे. या कायद्याने संमतीचे वय सोळावरून अठरावर नेले, आणि सतरा वर्षांची मुलगी मर्जीने एखाद्या मुलाबरोबर पळून गेली, की तिचे आईबाप याच कायद्याखाली फिर्याद देतात. मुलगी कोर्टात सांगते, मी आपण होऊन गेले. कायदा म्हणतो, तुझ्या म्हणण्याला इथे किंमत नाही. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात वय अठराच ठेवावे, पण सोळा ते अठराच्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत थोडी मोकळीक द्यावी, अशी मधली वाट सुचवली. संमतीशिवाय लग्नात बांधलेली रखमाबाई आणि संमती असूनही न ऐकली गेलेली ही मुलगी, दोघी एकाच कायद्याच्या दोन टोकांना उभ्या आहेत.

मुलाने थेट संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार करावी, अशी सोय एका पूरक कराराने केली आहे. तो २०११ मध्ये मंजूर झाला आणि २०१४ पासून लागू आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सोळा मुलांनी हवामान बदलावरून या समितीकडे तक्रार केली. त्यांत ग्रेटा थुनबर्ग होती आणि उत्तराखंडची रिद्धिमा पांडेही. नऊ वर्षांची असताना राष्ट्रीय हरित लवादात गेलेली ही मुलगी आपल्या देशाविरुद्ध तिथे तक्रार करू शकत नव्हती, म्हणून कागदावर प्रतिवादी झाले अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान. ऑक्टोबर २०२१ मध्ये समितीने दोन गोष्टी सांगितल्या. एखाद्या देशाच्या धुराचा त्रास परदेशातल्या मुलाला झाला तरी तो देश जबाबदार ठरू शकतो. मात्र मुलांनी आधी त्या त्या देशांतल्या न्यायालयांचे दार ठोठवायला हवे होते, म्हणून तक्रार दाखल करून घेता येत नाही.